एक स्टार कमी

त्या वर्षी मी सगळ्यात जास्त वेळ कशाकडे पाहिलं असेल, तर फोनवरच्या पाच स्टारांकडे. नवऱ्याकडे नाही, पोरीच्या अभ्यासाकडे नाही, गॅसवरच्या दुधाकडे तर नाहीच. दूध उतू जायचं आणि मी अंगठ्याने पान खाली ओढून आकडा हलला का ते बघत उभी असायचे. आकडा हलायचा नाही. मग मी चिडायचे, आणि माझ्या चिडण्याचा प्रसाद घरात जो आधी समोर येईल त्याला मिळायचा.

अकोल्याला जठारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, सासऱ्यांनी थाटलेलं. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यांवरचं. कापूस विकला की लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर यायचं, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरापर्यंत, आणि दुपार दुपार गादीवर बसून लुगडी उलगडायला लावायचं. मग अशी वर्षं आली की पाऊस दगा देऊन गेला, पाऊस आला तर बोंडअळी आली, तूर पिकली तर तिला कोणी विचारेना. लग्नं पुढे ढकलली गेली किंवा चार माणसांत उरकली. बाया यायच्या, लुगड्याच्या काठाला हात लावायच्या आणि 'येतो मंग' म्हणून निघून जायच्या. नवरा गल्ल्यावर बसून एकच पेपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचायचा. मला ते बघवत नव्हतं.

एकच गोष्ट तेव्हाही खपत होती, ती म्हणजे बाळंतविडा. साल कसंही असो, लेकरं जन्माला यायची थांबत नाहीत, आणि लेकीच्या नाहीतर भाचीच्या बाळाला कोणी रिकाम्या हाताने बघायला जात नाही. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, कुंची, डोक्याखाली घ्यायची मोहरीची उशी, असं सगळं एका पेटीत घालून आम्ही द्यायचो. मी नवऱ्याला म्हटलं, पुण्या-मुंबईला, बंगलोरला गेलेली आपली एवढी माणसं आहेत, त्यांना हाताने शिवलेला विडा तिकडे कुठे मिळतो? इंटरनेटवर दुकान काढू. नवऱ्याने पेपरातून मान वर केली, 'काढ,' म्हणाला आणि पुन्हा खाली घातली. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत असलेल्या धाकट्या दिरांनी मात्र मनावर घेतलं. वेबसाइट त्यांनीच बनवून दिली आणि भांडवलही त्यांनीच घातलं.

शिवायच्या आपा. त्यांचं घर पिंजाऱ्यांचं. नवरा गाद्या भरायचा, कापूस पिंजून द्यायचा. पण लोक फोमच्या गाद्यांवर झोपायला लागले होते, आणि ज्यांच्याकडे अजून कापसाच्या होत्या त्यांना त्या वर्षांत गादी पिंजून घ्यायची हौस उरली नव्हती. त्यामुळे आपांच्या मशीनवर घर चाललं होतं, कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरींसकट. आमच्या दुकानामागच्या खोलीत त्या बसायच्या. मऊ मलमल आणायच्या, ती आधी धुऊन, वाळवून मगच कात्री लावायच्या, आणि झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायच्या, म्हणजे बाळाच्या कातडीला टोचत नाही.

दुकान सुरू झालं, पार्सलं जायला लागली, आणि एक दिवस दिरांचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला होता आणि आपा समोर बसून बंद लावत होत्या. दीर म्हणाले, 'वहिनी, माल चांगला आहे हे आपण म्हणून काय उपयोग? लोकांनी म्हणायला पाहिजे. रिव्ह्यू दिसले पाहिजेत. दिवाळीपर्यंत बघू. साडेचारपर्यंत रेटिंग गेलं तर हाताचं काम चालू ठेवू. नाहीतर मी तयार माल उचलतो, निम्म्या भावात मिळतो.' मी घाईने स्पीकर बंद केला, पण आपांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. बंद लावून झाला, दोरा दातांनी तोडला आणि पुढचं झबलं घेतलं.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. रिव्ह्यू घ्यायचे तर ते गोळा करणारी सेवा लागते, आणि अशा सेवा पायलीला पन्नास. कुठली घ्यायची यात मी आठवडेच्या आठवडे घालवले. रोज एक पक्की करायचे आणि रोज मोडायचे.

पहिल्यांदा अमरावतीहून एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात लॅपटॉप, बोलणं तुपासारखं. म्हणाला, 'ताई, रिव्ह्यू येत नसतात, आणावे लागतात. तुमी फक्त सांगा किती पायजेत. पुन्याचे पायजेत का नागपूरचे?' वाईट आलेला रिव्ह्यू लपवायची सोय होती त्याच्याकडे. नवरा म्हणाला, घेऊन टाक, सगळेच घेतात. मी म्हटलं, आयतं कौतुक विकत घ्यायचं तर मग आपांनी शिवायचं तरी कशाला? तो माणूस लॅपटॉप मिटत म्हणाला, 'तुमची मर्जी. पन तुमी परत फोन करसान.' मला इतका राग आला की त्याला चहासुद्धा विचारला नाही. नवऱ्याने ते पुढे महिनाभर ऐकवलं.

दुसरी एक फुकटची होती. तिथे कोणीही यावं, काहीही लिहावं. आठवड्याभरात तिथे एकाने केसांचं तेल विकायला काढलं आणि दुसऱ्याने वशीकरणाचा इलाज. बाळंतविड्याच्या खाली वशीकरण. आपांना वाचून दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की सुई बोटात गेली.

शेवटी तिसरी घेतली. महिन्याला फी होती, पण काम चोख. पार्सल पोचलं की ज्याने मागवलं त्याच्याच फोनवर मेसेज जाणार, कसं वाटलं म्हणून. दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. आलेला रिव्ह्यू दुकानदाराला पुसता येणार नाही. गिऱ्हाइकाला आपले स्टार बदलायचे तर एकदाच बदलता येतील. मला हे फार आवडलं. काय असेल ते खरं समोर येऊ दे, असं मी तावातावाने नवऱ्याला म्हणाले. स्वतःच्या मालावर एवढा भरवसा होता मला.

पहिलाच रिव्ह्यू बंगलोरहून, दोन स्टार. लिहिलं होतं, 'झबली उलटी शिवून पाठवली आहेत.' मी तिथल्या तिथे उत्तर टाकलं की एकदा स्वतः आतून शिवण असलेलं घालून उन्हाळ्यात पाळण्यात निजून बघा. अर्ध्या तासात दिरांचा फोन. 'वहिनी, गिऱ्हाइकाशी असं बोलत नसतात.' मी म्हटलं, मी वऱ्हाडातली बाई आहे, मला असंच येतं. पण उत्तर काढलं, आणि पेटीत एक चिठ्ठी घालायला लागलो की शिवण बाहेर का आहे.

मग रिव्ह्यू यायला लागले, आणि काय सांगू, वाचून डोळे भरून यायचे. 'आईच्या हातची आठवण झाली.' 'बाळ रात्रभर शांत झोपलं.' 'असं मऊ दुपटं इथे दुकानात मिळत नाही.' 'शिवणाऱ्या ताईंना नमस्कार सांगा.' आणि त्याच्या वर स्टार किती? चार. पुन्हा चार. ओळीने चारच चार. फोटो टाका म्हणून मेसेजात विनवणी असायची, तर फोटो यायचे पलंगावर पसरलेल्या झबल्याचे, आणि फारच कोणाला उमाळा आला तर दुपट्याबाहेर आलेल्या बाळाच्या एका पायाचा. चेहरा कोणाचाच नाही.

आपा सकाळी आल्या की चपला काढता काढता विचारायच्या, 'भाभी, किती झाले?' मी सांगायचे, चाराला जरासे कमी. 'कालबी तेवढेच होते ना?' म्हणायच्या आणि आत जायच्या. त्यांच्या विचारण्यात तक्रार नसायची, आणि तेच मला जास्त लागायचं. दिवाळी जवळ येत होती. मला वाटायला लागलं, लोक दुष्ट आहेत. तोंडाने गोड बोलतात आणि द्यायच्या वेळी हात आखडतात. एका दुपारी माझा पारा चढला आणि मी यादीतला पहिला दिसला तो नंबर लावला.

अमरावतीच्या एक आजी होत्या. लेकीच्या बाळासाठी विडा घेतला होता. लिहिलं होतं, 'बाईच्या हाताले यश आहे.' आणि स्टार चार. मी विचारलं, आजी, एवढं आवडलं तर एक स्टार काहून कापला? काय कमी पडलं आमच्याकडून?

'अवं माय,' त्या म्हणाल्या, 'कमी कायले पडन? लेकराच्या वस्तूले पुरे पाच कसे द्यावं? आपुन पोराले काजळाची तीट लावतो का नाई? सारं जग पाह्यते म्हने ते फोनवर. कोनाची कशी नजर असते. म्हनून एक कापला म्या.'

माझी स्वतःची लेक शाळेत जाईपर्यंत मी तिच्या कानामागे काजळाचं बोट टेकवल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं, आणि मला हे कळू नये? बाकीच्यांना फोन केले. सगळीकडे हीच गोष्ट. नागपूरच्या एकीने सासूवर ढकललं. पुण्याच्या एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, 'मी असलं काही मानत नाही हो, पण बाळाच्या बाबतीत कशाला उगीच.' चंद्रपूरचा एक बाप म्हणाला, 'ताई, मी तर दोन कापणार होतो, बायको नाही म्हणाली.' आपांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'बरोबर आहे त्यांचं. आमच्यात तर माशाअल्लाह म्हटल्याशिवाय लेकराचं नाव पण घेत नाहीत.' दिरांना सांगितलं तर ते खदखदून हसले. 'वहिनी, हे त्या सॉफ्टवेअरला कोण समजावणार? आकडा आणा.'

मग मी आकडा आणायला लागले. रोज दुपारी फोन घेऊन बसायचे. लोकांना सांगायचे की हे स्टार बाळाला नाहीत हो, दुकानाला आहेत, नजर लागली तर माझ्या दुकानाला लागेल, ते तसंही बसलेलंच आहे. कोणी हसायचं आणि बदलायचं. कोणी 'बघतो' म्हणून टाळायचं. आकडा मुंगीच्या पावलाने वर सरकायला लागला. अमरावतीच्या आजी मात्र ऐकेनात. तीनदा फोन केला, तीनदा नाही. शेवटी मी म्हटलं, आजी, तुम्ही लिहिलंय ना बाईच्या हाताला यश आहे, त्याच बाईचं काम या आकड्यावर अडलंय. दिवाळीपर्यंत नाही वाढला तर तिला घरी बसावं लागेल.

आजी म्हणाल्या, 'असं सांग ना मंग.' संध्याकाळी त्यांच्या चाराचे पाच झाले होते.

त्याच आठवड्यात साडेचारला काटा टेकला. मी दुकानातून मागच्या खोलीत धावत गेले. आपांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, माझ्या फोनकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शेवयांचा डबा घेऊन आल्या. कितीतरी महिन्यांनी मला त्या दिवशी भूक लागल्यासारखं वाटलं.

मग एका सकाळी, मी दुकानाचं शटर वर करत होते, तर आजींचा फोन. 'बाई, तो स्टार काढ.' नातवाला ताप होता. मी म्हटलं, आजी, साथ आहे, अकोल्यातलं अर्ध्याच्या वर गाव तापाने पडलंय, स्टाराचा काय संबंध? त्या म्हणाल्या, 'मले समजत नाई का? डॉक्टरले दाखोलं, औषीद चालू आहे. मी तुले दोष नाई देऊन राहिली. पन पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतो न माह्या डोक्यात तोच एक स्टार येते. पोटात अन्न जाऊन नाई राहिलं. तू तो काढ.'

मी त्या सेवेवाल्यांना लिहिलं. तिकडून उत्तर आलं की ग्राहकाला बदल एकदाच करता येतो, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. मी पुन्हा लिहिलं, मराठीत, हिंदीत, माझ्या मोडक्या इंग्रजीत. एक म्हातारी बाई जेवत नाहीये, असंही लिहिलं. प्रत्येक वेळी धन्यवाद. शेवटी एक लाल बदाम आला. माणूस होता की मशीन होतं, देव जाणे. मी फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

एकच वाट उरली होती, ती म्हणजे ती सेवाच बंद करायची. बंद केली की सगळे रिव्ह्यू एकदम जातात, आजींचा पाचवा स्टार जातो आणि आमचे साडेचारही जातात. दिवाळी तोंडावर. मी अर्धा दिवस हे पोटात ठेवून दुकानात इकडून तिकडे फिरत राहिले. आजींचे आणखी दोन फोन आले. दुसऱ्या फोनच्या वेळी आपा पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या आणि माझं बोलणं त्यांनी ऐकलं. मग सगळं सांगावंच लागलं.

त्या स्टुलावर बसल्या. 'तो स्टार त्यांनी माह्यासाठी देल्ला होता ना, भाभी?'

मी म्हटलं, हो.

'मंग वापस करून टाका.'

मी भडकले. काय बोलताय कळतंय का, म्हटलं. बाळाला साधा ताप आहे, उद्या उतरेल. तुमच्या पोरींच्या फिया कोण भरणार, तो ताप? एका म्हातारीच्या मनाच्या खेळासाठी तुमच्या पोटावर पाय द्यायचा मी? नवरा गल्ल्यावरून बघायला लागला, तरी मी थांबले नाही.

आपांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, 'ताप उतरन, मले मालूम आहे. पन त्या बाईनं आपल्या नातवाले माह्यासाठी उघडं केलं, असं तिले वाटून राहिलं. ते ऐकून मी आता दुसऱ्याच्या लेकराचं झबलं कसं शिवू? मुझसे नहीं होगा.'

मी ती सेवा बंद केली. फोनने विचारलं, नक्की का? पुन्हा विचारलं, नक्की का? मी दोन्ही वेळा दाबलं. आजींना फोन करून सांगितलं की काढला. त्या फक्त 'बरं झालं माय' म्हणाल्या आणि तिकडे कोणाला तरी ताट वाढायला सांगताना ऐकू आल्या. बाळाचा ताप पुढे औषधाने उतरला, जसा उतरायचाच होता. त्याचा मला आनंद झाला आणि संतापही आला, आणि यातलं काय जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीला दीर आले. पानावर रिव्ह्यू एकही नाही हे बघून, 'वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?' म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पेपराकडे. पाडवा झाला आणि तयार मालाचे गठ्ठे दुकानात उतरले. आपांनी आपली मशीन सायकलरिक्षात घालून घरी नेली. महिन्याभराने त्या अमरावतीला गेल्या, बहिणीकडे राहून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागल्या. तिथे अख्खा सदरा एक बाई शिवत नाही. आपांकडे कॉलर आली. दिवसभर कॉलर.

दिरांनी तीच सेवा नव्याने घेतली. उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी मला फोनवर एक चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'बघा वहिनी, याला म्हणतात धंदा.' पाचपैकी पाच. मी पान उघडलं. 'छान.' 'वेळेवर मिळालं.' 'गुड.' 'ठीक.' एकेका शब्दाचे रिव्ह्यू, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पुरे पाच स्टार. मी पार तळापर्यंत गेले. कुठे तरी एखादा चार सापडेल म्हणून शोधत होते. नव्हता. मी आपांना फोन लावला. त्यांची जेवणाची सुट्टी होती, मागे बायांचा गलका ऐकू येत होता. मी सांगितलं, तयार मालाला पाच मिळाले, आपा. सगळ्यांनी दिले.

'पुरे पाच?' त्या म्हणाल्या. 'कोनीच एक नाई कापला?'

'कोणीच नाही.'

'मंग कोनालेच आवडलं नाई ते,' आपा म्हणाल्या, आणि तिकडे भोंगा वाजला म्हणून त्यांनी फोन ठेवला.